कुंभार्लीचा घाट आणि आमचं घर

कराडहून समुद्र गाठायचा तर जवळची वाट कुंभार्ली घाटातून. आमच्या घराला ती चुकवता येण्यासारखीच नव्हती, कारण आईचं माहेर चिपळूणच्या पलीकडे, वाशिष्ठीच्या खाडीकाठी. मे महिन्याची सुट्टी, मामाच्या घरचा गणपती, कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, आजीचं दुखणं. कारण कुठलंही असो, मध्ये घाट होताच. आम्ही सख्खी-चुलत मिळून भावंडं भरपूर. आता कुणी पुण्यात, कुणी डोंबिवलीत, ताई तर न्यू जर्सीला. पण तिघं-चौघं एकत्र जमलो की अर्ध्या तासात गाडी घाटात शिरते आणि भांडण सुरू होतं. दादाच्या मते नानांची, म्हणजे आमच्या वडिलांची, फियाट राखाडी होती. ताई शपथेवर सांगते, क्रीम रंगाची. फोटो आहे, पण तो ब्लॅक अँड व्हाइट.

रस्ता तसा सरळ स्वभावाचा. कराड सोडलं की कोयनेच्या खोऱ्यातून मल्हारपेठ, पाटण करत तो पश्चिमेला चढत जातो. चढतोय हे कळतही नाही. दोन्हीकडचे डोंगर हळूहळू जवळ येतात, ऊस मागे पडतो, भातखाचरं दिसायला लागतात आणि हेळवाक येतं. महाबळेश्वराला उगम पावलेली कोयना डोंगरांच्या रांगांमधून दक्षिणेला वाहत येते आणि इथे एकदम पूर्वेला वळते, कराडला कृष्णेला मिळायला. आपण मात्र तिला पाठ दाखवून उलट्या दिशेला निघायचं. कोयनानगर गेलं, घाटमाथ्यावरच्या भज्यांचा वास आला, की पुढे जमीनच संपायची.

देशावरून जाणाऱ्याला कुंभार्लीत चढ असा नाहीच, नुसता उतार. उतरताना नानांच्या पायाची परीक्षा. परतताना, आंबे, फणस आणि माणसांनी गच्च भरलेल्या गाडीत, इंजिनाची. त्यामुळे जातानाच्या आणि येतानाच्या आठवणींची सरमिसळ आमच्यात कधी होत नाही. जातानाच्या आठवणीत सगळे गप्प असतात. येतानाच्या आठवणीत सगळे गाडीबाहेर उभे असतात.

फियाट येण्याआधी एसटी होती. तिची आठवण आमच्यातल्या थोरल्यांनाच नीट आहे. इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला, आणि गाडी भरली की त्या तापलेल्या बॉनेटवरसुद्धा गोणपाट टाकून माणसं बसायची. वळणावर ड्रायव्हर त्या अवाढव्य स्टिअरिंगवर अक्षरशः ओणवा व्हायचा. मागे आमच्या घरच्या बायकांची वेगळीच लढाई चाललेली असायची, कारण आम्हा पोरांपैकी निम्म्यांना गाडी लागायची. त्यावर घरात प्रत्येकीचा उपाय ठरलेला. आईचा लिंबू, मोठ्या काकूंचा आलेपाक, आत्याची आवळासुपारी. आजीचा भरवसा मात्र पोटावर बांधलेल्या वर्तमानपत्रावर. कागदाने पोट कसं काय शांत राहतं हे तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी कागद सुटला नसता. पुढे औषधाच्या दुकानात गोळ्या मिळायला लागल्या. त्या घेतल्या की मूल पाटणलाच झोपायचं ते चिपळूणच्या स्टँडवर उठायचं. ज्यांनी त्या गोळ्या घेतल्या त्यांच्या लहानपणात घाटच नाही. ज्याला उलटी होईल त्याला खिडकी, असा कायदा होता. दादाने या कायद्याचा फायदा वर्षानुवर्षं घेतला, असं आम्हा बाकीच्यांचं एकमत आहे. तो अजून नाकारतो.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर नानांनी सेकंडहँड फियाट घेतली. वकिली बरी चालत होती, पण इतकीही नाही, म्हणून सेकंडहँड. गेअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट सलग, त्यामुळे पुढेही तिघं सहज मावायची. मागे किती मावायची हे त्या दिवशी कोण कोण रुसलंय यावर अवलंबून असे. गाडी नानांची, पण घाट एकट्या नानांचा नव्हता. तो पार करायला अख्खं घर लागायचं. मधले काका दगडवाले. म्हणजे चढावर गाडी बंद पडली आणि मागे घसरू लागली, तर उडी मारून चाकामागे दगड लावायची जबाबदारी त्यांची. पुढे त्यांनी सुताराकडून बाभळीचा तिरका ठोकळाच करून घेतला आणि तो पायाशी ठेवून ते बसायचे. दादाकडे पाण्याचा डबा. ताईने मागच्या काचेतून बघून ‘ट्रक येतोय’ म्हणून सांगायचं. मोठ्या काकूंकडे लिंबू आणि टॉवेल. आजीकडे रामरक्षा. आईकडे काहीच काम नसे. ती माहेरी निघालेली असायची आणि घाटमाथ्यापासून तिचं लक्ष गाडीत नसायचंच.

नानांचे घाटाचे नियम होते. ज्या गेअरात हा चढ चढाल त्याच गेअरात तो उतरा. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, मग ती बैलगाडी का असेना. वळणाआधी हॉर्न, वळणात हॉर्न नाही. हे नियम ते आम्हाला ऐकवायचे, पण रोख मामाकडे असायचा. मामाकडे जुनी जीप होती आणि पेट्रोल वाचवायला तो उतारावर सरळ इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायचा. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं तेव्हापासून ही चाल पुष्कळांनी धरली होती. नानांना ती सहन व्हायची नाही. ‘इंजिन आवळून धरतं म्हणून गाडी धरली जाते. ते बंद केलंत तर सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले की पाय दाबा नाहीतर दाबू नका, सारखंच.’ मामा हसायचा. ‘भावोजी, आम्ही घाटात जन्मलेली माणसं.’ नाना म्हणायचे, ‘जन्मलात ते ठीक आहे.’ पुढचं वाक्य ते पूर्ण करत नसत, आई ऐकत असायची म्हणून.

पण खरा घाट परतीचा. पोफळी सोडली की चढ सुरू व्हायचा आणि थोड्या वेळात सगळ्यांच्या नजरा नानांच्या पुढ्यातल्या त्या छोट्या काट्यावर खिळायच्या. चढावर गाडी दुसऱ्या नाहीतर पहिल्या गेअरात, वेग बेताचा, म्हणजे रेडिएटरवर समोरून वारा कमी. इंजिन मात्र जीव तोडून फिरतंय, वर मे महिन्याचं ऊन. काटा लाल पट्ट्याकडे सरकायचा. नाना काही बोलायचे नाहीत. आजी रामरक्षेचा वेग वाढवायची. मग बॉनेटच्या फटींतून वाफ, आणि नाना बाजूला जागा बघून गाडी थांबवायचे. काका ठोकळा घेऊन उतरलेले असायचेच.

उतरल्यावर पहिला अर्धा तास काहीही करायचं नसतं, हे लोकांना समजत नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. गाडी आपोआप निवायची वाट बघायची, मग ओलं फडकं धरून झाकण हळूच अर्धं फिरवायचं, वाफ जाऊ द्यायची, आणि मग इंजिन चालू ठेवून बेताबेताने पाणी ओतायचं. कधी पाणी ठीक असायचं पण गाडी चालूच व्हायची नाही. तेव्हा नाना म्हणायचे, ‘व्हेपर लॉक.’ उष्णतेने नळीतल्या पेट्रोलचीच वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो आणि इंजिनाला पेट्रोल पोचत नाही. त्यावर इलाज म्हणजे पेट्रोल पंपाभोवती ओलं कापड गुंडाळायचं. आईच्या जुन्या पातळाचा एक तुकडा त्याच कामासाठी डिकीत असायचा. शाळेत बाष्पीभवन शिकवलं तेव्हा आमच्या घरातल्या पोरांना पाठ करायची गरज पडली नाही.

आणि तो अर्धा तास आमचा. घाट आम्ही पाहिला तो या अर्ध्या-अर्ध्या तासांत. कुठे थांबायचं हे आमच्या हातात नव्हतं, गाडी ठरवायची, त्यामुळे दरवेळी घाटातली नवी जागा. एकदा एका वळणापाशी कातळातून पाणी ठिबकत होतं. धाकट्या काकूने त्या फटीत एक रुंद पान अडकवलं आणि त्याची चांगली धार करून सगळ्यांना ओंजळीने पाणी पाजलं. एकदा खाली झाडीत उतरलेल्या पायवाटेने दादा आणि मी बरंच लांब गेलो. काका मागोमाग आले, रागावले नाहीत, उलट पुढे घेऊन गेले. ही बैलांच्या तांड्यांची वाट असणार, म्हणाले. मोटारी यायच्या आधी चिपळूणच्या बंदरातलं मीठ, सुकी मासळी, नारळ असंच वर चढायचं आणि देशावरचा गूळ, मिरची, धान्य खाली उतरायचं. मग ते म्हणाले, ‘आपल्या डिकीत बघ. काय बदललंय?’

काहीच बदललं नव्हतं. जाताना डिकीत गुळाची ढेप, भुईमुगाच्या शेंगा, ज्वारीचं पीठ, घरची चटणी. येताना नारळ, आमसुलं, कुळथाचं पीठ, ओले काजूगर, पेंढ्यात ठेवलेले आंबे आणि मामीने कितीही नको म्हटलं तरी बांधून दिलेलं सुकट. सुकटीचा हा विषय आमच्या घरात नाजूक होता. आत्या माळकरी, तिला वास चालायचा नाही. आईला सुकट सोडवायची नाही. तडजोड म्हणून ते पुडकं पत्र्याच्या डब्यात, डबा पिशवीत, पिशवी डिकीत. घाटात गाडी तापली की डिकीही तापायची. मग आत्या नाकाला पदर लावून खिडकीबाहेर बघत बसायची आणि आई डोंगरातलं काहीतरी सगळ्यांना दाखवत सुटायची. आमच्यातल्या कुणालाही सुकटीचा वास आला की आजही पोटात दुसरा गेअर पडतो, असं ताई म्हणते. न्यू जर्सीतल्या बांगलादेशी दुकानात तिला तो वास येतो म्हणे.

थांबलेल्या गाडीपाशी धनगरवाड्यावरच्या बाया पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन यायच्या. कोयनेच्या या रानात गवळी-धनगरांच्या वस्त्या जुन्या. आजी घासाघीस करायची, तीही उगाच, कारण शेवटी सगळी टोपली घ्यायचीच असायची. करवंदांचा चीक ओठांना चिकटायचा आणि जांभळे डाग फियाटच्या सीटवर. दादा म्हणतो त्या डागांवरून सीट क्रीम रंगाची होती हे सिद्ध होतं. सीट, गाडी नव्हे. असो.

कोयनेवरून होणारं भांडण मात्र मोठ्यांचं. ते दरवर्षी मामाच्या पडवीत, जेवणानंतर. कोयनेचं पाणी स्वभावाने पूर्वेचं. कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाणारं. धरण बांधून त्यातलं बरंचसं बोगद्यांतून डोंगराच्या आरपार पश्चिमेला वळवलं, पोफळीला खोल खाली पाडून त्यावर वीज काढली, आणि तेच पाणी पुढे कोळकेवाडीला अडवून पुन्हा वीज काढून वाशिष्ठीत सोडलं. म्हणजे ज्या डोंगरावरून आम्ही वाफा सोडत चढायचो, त्याच्याच पोटातून आमचं पाणी मामाच्या गावाला खाली जात होतं. नाना म्हणायचे, ‘आमचं पाणी तुम्ही फुकट नेता.’ मामा म्हणायचा, ‘भावोजी, पाऊस कुठून येतो? आमच्या समुद्रावरून. तुम्ही आमचंच पाणी वर्षभर अडवून ठेवता आणि वीज काढून चोथा परत करता.’ यावर पुढे कुणाकडेच काही नसायचं. सुपारी फुटायची. कराडला घराघरांत धरण किती टीएमसी भरलं याची बोली चालते, एकशे पाचला भरलं की दरवाजे आणि नदीकाठी धास्ती. चिपळूणला पाऊस आणि भरती यांची. एकाच धरणाचे दोन शेजारी, तोंडं दोन दिशांना.

कोयनानगरमधून जाताना आजी हात जोडायची. देव तिथे कुठला नव्हता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्या कराडच्या वाड्याची एक भिंत उभी चिरली आणि दादाला कडेवर घेऊन आई अंगणात धावली, हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय की तेव्हा जन्मलेलेही नव्हतो त्यांनाही ती पहाट आठवते. कोयनानगरात घरं कोसळली, दीडशेहून अधिक माणसं गेली. चिपळूणहून काही कळेना. मग मामाची तार आली, सर्व खुशाल. ती तार आईने शेवटपर्यंत ट्रंकेत ठेवली होती. धरणात पाणी साठलं की भूकंप होऊ लागतात, याचं उदाहरण म्हणून पुढे जगभर कोयनेचं नाव घेतलं जाऊ लागलं. आमच्यासाठी तो रात्री भांडी वाजवणारा ‘धक्का’ होता, आणि पोरं धक्का बसला की आधी एकमेकांकडे बघत, मग आजीकडे.

पावसाळ्यातला घाट नाना शक्यतो टाळायचे, पण गणपती काही टळायचे नाहीत. धुकं असं की बॉनेटच्या टोकाला लावलेलं चिन्हसुद्धा दिसू नये. नाना खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्याच्या कडेचे काळे-पांढरे रंगवलेले दगड मोजत चालवायचे. वायपर रडतखडत. काचेवर तंबाखू चोळली की पाणी ठरत नाही, हे ट्रकवाल्यांकडून शिकलेलं. घरात तंबाखू खाणारं कुणी नव्हतं, तरी गणपतीच्या दिवसांत गाडीच्या कप्प्यात एक पुडी असायची. आत्याला ती एकदा सापडली आणि नानांवर दोन दिवस संशय होता.

आता धाकट्या काकूची गोष्ट. ती सांगायला आम्ही सगळे टपलेले असतो, म्हणून मी आधी सांगते.

धाकटे काका बँकेत होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी मारुती ८०० घेतली. गाडी घेतली, पण काकांना घाटाची भीती. सपाटीवर ते उत्तम चालवायचे. वळणात समोर ट्रक आला की त्यांचे हात घामेजायचे. काकू शाळेत गणित शिकवायची. तिने कुणाला न विचारता मोटार ड्रायव्हिंगचा क्लास लावला, लायसन्स काढलं, आणि त्या मे महिन्यात चिपळूणला निघताना सरळ उजव्या बाजूच्या दारातून आत शिरली. वाड्यातल्या सगळ्या बायका ओट्यावर उभ्या. आजी काही बोलली नाही. तिने काकूच्या हातावर दही-साखर दिली, इतकंच. नाना म्हणाले, ‘मी पुढे बसतो.’

घाटमाथ्यावर चहा झाला. नाना गाडीत बसले आणि त्यांनी दोन्ही पाय रोवले. काकूने गाडी दुसऱ्या गेअरात टाकली आणि घाट सुरू झाला. आम्ही मागे श्वास धरून. पहिल्या मोठ्या वळणाला नानांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला, जिथे ब्रेक नव्हता. दुसऱ्या वळणालाही. काकू डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती. तिसऱ्या वळणाला ती म्हणाली, ‘भावजी, तुम्ही जोरात दाबू नका, तुमच्या बाजूचा पत्रा जाईल.’ मागे कुणीतरी हसलं. नाना नाही हसले, पण पाय जरा सैल सोडला. एक एसटी मागून हॉर्न मारत आली. काकूने घाई केली नाही, आरशात बघत राहिली, रुंद जागा आल्यावर डावीकडे घेऊन तिला पुढे जाऊ दिलं, आणि जाताना ड्रायव्हरने हात वर केला. चढणाऱ्या ट्रकसाठी ती दोनदा थांबली. दुसऱ्या ट्रकच्या क्लीनरने खिडकीतून अख्खं अंग बाहेर काढून मागे वळून पाहिलं.

पोफळीला उतरल्यावर नाना खाली वाकले, पुढच्या चाकाजवळ नाक नेलं. ब्रेक तापले की लायनरचा करपल्यासारखा वास येतो. तो नव्हता. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘गरम नाहीत.’ नानांच्या तोंडून आम्ही ऐकलेली ही सगळ्यात मोठी स्तुती. वकिलीतसुद्धा ते कुणाला इतकं म्हणाले नसतील.

परतताना मजा वेगळीच झाली. चढावर पुढचा ट्रक थांबला, काकूलाही थांबावं लागलं. हँडब्रेक ओढून, क्लच अर्धवट सोडत, इंजिनाचा आवाज बदलला की हँडब्रेक सोडायचा, हे तिने वहीत लिहून पाठ केलं होतं. मधले काका तोवर सवयीने ठोकळा घेऊन बाहेर पडलेले. गाडी एक इंचही मागे न सरकता पुढे निघाली आणि काका ठोकळा हातात घेऊन रस्त्यात उभे राहिले. त्यांना घ्यायला पुढच्या वळणापर्यंत थांबता आलं नाही. आणि मारुती तापलीच नाही. काटा मध्यावर बसून राहिला. झरा गेला, करवंदवाल्या गेल्या, सगळं खिडकीतून मागे पळालं. आजी शेवटी वैतागून म्हणाली, ‘अगं, थांबायचं नाही का कुठे?’ काकू म्हणाली, ‘कशाला?’ आजीला उत्तर सुचलं नाही. घाटमाथ्यावरच्या चहावाल्याने धाकट्या काकांना हळूच विचारलं, ‘वहिनी चालवतात?’ ते काकूच्या कानावर गेलं. ‘मग काय खालून ढकलत आणली?’

त्यानंतर घाट काकूचा झाला. नानांना मोतीबिंदू झाला तेव्हा आणि त्याच्याही नंतर. चिपळूणची आजी गेली त्या रात्री काकूनेच आईला नेलं. रात्री घाट दिवसापेक्षा सोपा, असं ती सांगायची आणि ते खरं आहे. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड वळणाच्या आधीच कातळावर पडतो, दिवसा मात्र हॉर्नच्या भरवशावर राहावं लागतं. त्या रात्री घाटातून खाली पोफळी-अलोऱ्याकडचे दिवे दिसत होते आणि आई एक शब्द बोलली नाही, काकूही नाही.

बाकी बदल आले तसे आले. पाटणच्या वरच्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. कोकण रेल्वे धावू लागली आणि मुंबईच्या मावशा आमच्यापेक्षा आधी मामाकडे पोचू लागल्या. कराड-चिपळूण रेल्वेच्या बातम्या मध्ये मध्ये येतात आणि कागदावरच राहतात. मामा असता तर म्हणाला असता, बोगदा तर आहेच, पाण्याऐवजी डबे सोडा. १३ मार्च १९९९ ला कोयना धरणाच्या जलाशयाच्या, शिवसागराच्या, तळाला खालच्या बोगद्यातून शेवटचा स्फोट करून भोक पाडलं, वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी. नानांनी त्याची कात्रणं जपली होती आणि मामाला पोस्टाने पाठवली, सोबत एक ओळीचं पत्र: आता चोथाही उरणार नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा मामेभावाच्या दुकानात पाणी शिरलं आणि दोन्ही घरांतल्या माणसांचा फोन एकमेकांना लागेना. त्याच पावसात पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथे डोंगर घसरून माणसं गाडली गेली. लहानपणी ज्या डोंगरांकडे आम्ही नुसते बोट दाखवून हे बघ ते बघ करत होतो, त्यांच्याकडे बघताना आता त्यांचा उतार आधी दिसतो. पावसाळ्यात मी स्वतः तिकडे जायला कचरते, हेही खरं.

आणि जुनी फियाट मला परत नको. हे मी भावंडांत बोलले की गदारोळ होतो, म्हणून इथे बोलते. ती वाफ, ते करपलेलं नाक, ठोकळा हातात घेऊन जीव मुठीत धरलेले काका. सांगायला छान, बसायला नव्हतं. आमच्या पिढीने घाटात भोगलेल्या भीतीच्या गमतीजमती करून टाकल्या आहेत, आणि त्यात काही वाईट नाही. पण आईने कधीच त्या सांगितल्या नाहीत. तिला माहेरची वाट आठवायची, गाडी नव्हे.

परवाच्या मे महिन्यात पुतणीने नवी गाडी आणली आणि आम्हा म्हाताऱ्यांना चिपळूणला न्यायचं ठरवलं. धाकटी काकू पुढे बसली, पंचाहत्तरी उलटली असली तरी पट्टा स्वतः लावून. घाटमाथ्याला भजी झाली, दादाने नेहमीप्रमाणे बिल द्यायला उशीर केला. गाडी सुटली. पहिल्या वळणाआधी काकू म्हणाली, ‘सेकंडला टाक.’

‘आजी, ही ऑटोमॅटिक आहे. गेअर नसतात टाकायचे.’

‘मग उतारावर गाडी धरतं कोण?’

पुतणीने दांड्याजवळचं ‘एल’ दाखवलं. त्यात टाकली की गाडी खालच्या गेअरात राहते, पण तशी गरज लागत नाही म्हणाली, ब्रेक चांगले आहेत. काकूने चष्मा वर करून ते अक्षर नीट पाहिलं.

‘टाक त्यात.’

‘अहो आजी, उगाच आवाज करेल इंजिन.’

‘करू दे. टाक.’

पुतणीने टाकली. इंजिन घुरघुरलं, गाडी आवळली गेली. काकूने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पुढच्या वळणावरून वर येणाऱ्या ट्रकसाठी पुतणीला थांबायला लावलं. मागे दादा आणि ताई फियाटच्या रंगावरून पुन्हा सुरू झाले होते. पोफळीला पोचेपर्यंत ‘एल’ काढू दिला नाही तिने.